पहिल्या गाडीचा ब्रेक

साक्री रस्त्यावरच्या बोरदिगरमध्ये पंडित देवरेचे घर कोठे, असे विचारले तर माणसे क्षणभर विचारात पडतात. ब्रेकफेलचे घर विचारले की मात्र लगेच बोट वर होते: मारुतीच्या पाराच्या पुढे, जिथे बैलगाडीला विमानाचे टायर दिसतील, तिथे. गावाने एकदा नाव ठेवले की ते रद्द करण्याची सोय कोणत्याच कचेरीत नसते. पंडितने तसा प्रयत्न करून पाहिला होता, आणि तो प्रयत्न हीच त्याच्या आयुष्याची हकिगत आहे.

बैलगाडीला विमानाचे टायर लावणे खानदेशात नवलाचे नाही. मोठ्या विमानांचे झिजलेले टायर भंगारात येतात आणि तेथून गाडीवाल्यांकडे. ट्रकच्या टायरवर असते तशी नक्षी त्यांच्यावर नसते. परिघाभोवती सरळ खोबणी तेवढ्या असतात, कारण विमानाचे चाक गाडा ओढत नाही. त्याने ओझे झेलायचे, वेग सोसायचा आणि खालचे पाणी बाजूला सारायचे. पंडितला ही खोबण बोटाने वाचता येत असे. हे कसब त्याने उचलले ते जळगावच्या, झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवणाऱ्या एका रिमोल्डच्या कारखान्यात. दीपनगरच्या वीज केंद्रातून राख वाहणाऱ्या ट्रकांचे टायर तिथे येत, आणि राखेने तळहात इतके कोरडे पडत की भाकरीचा तुकडा मोडताना कातडी चिरे. धुळ्याजवळच्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत जागा निघाली तेव्हा गावच्याच प्रेमराज भामरेने त्याला बोलावून घेतले. प्रेमराज तिथे आधीपासून होता, वरच्या हुद्द्यावर. दोघे एकाच मोटारसायकलवर जात, एकाच डब्यातले खात.

पहिल्या दिवशीचा प्रसंग प्रेमराज पुढे कित्येक वर्षे पारावर रंगवून सांगत असे. विमान निघायच्या तयारीत होते. पंडितने चाकाखालचे अडणे काढले आणि बाजूला उभा राहिला. काचेआडून वैमानिकाने त्याला अंगठा दाखवला. पंडितचा चेहरा पडला.

“ओ प्रेमराजभाऊ, हाऊ माले आंगठा दखाडी राहिना! मी तेनं काय खादं?”

“आरे येड्या, ते ‘ठीक शे’ म्हनस. हाई बोरदिगर नही.”

अंगठा दाखवणे म्हणजे काही न देता वाटेला लावणे, हा अर्थ आईच्या दुधाबरोबर मिळालेला. तो बाजूला ठेवून दुसरा शिकायला पंडितला थोडा काळ लागला. मग बाकीच्या खुणाही आल्या. उघडा पंजा वर करून मूठ मिटली की वैमानिकाने ब्रेक दाबून धरायचा. मिटलेली मूठ वर करून पंजा उघडला की ब्रेक सोडायचा. दोन्हींना उत्तर एकच, अंगठा. आणि तो मिळेपर्यंत जमिनीवरच्या माणसाने जागचे हालायचे नाही. इंजिनच्या आवाजात शब्द पोचत नाहीत, म्हणून तिथे हाताने खोटे बोलणे हे तोंडाने खोटे बोलण्यापेक्षा मोठे पाप मानले जाई.

श्रावणातल्या एका सकाळी पंडितने एका विमानाच्या चाकांवरून बोट फिरवले आणि ते कोठेच अडले नाही. खोबणी संपल्या होत्या. हवाही उतरलेली होती. ती त्याने भरली, पण झिजलेले रबर भरता येत नाही. त्याने प्रेमराजला सांगितले, “आज पाऊस शे. हाई इमान सोडू नको.” नवे टायर मुंबईहून यायचे होते आणि शिकाऊ मुलांचे तास साचले होते. “येक चक्कर व्हई जाऊ दे,” प्रेमराज म्हणाला आणि पुढे होऊन त्याने वैमानिकाच्या जागेकडे अंगठा दाखवला. आत जिनल नावाची एरंडोलकडची शिकाऊ मुलगी बसली होती. तिने उत्तरादाखल तोच अंगठा दाखवला.

ती परत आली तेव्हा धावपट्टीच्या सखल भागात पाणी साचलेले होते. चाके टेकली, तिने ब्रेक दाबला, चाके थांबली. विमान मात्र थांबले नाही. विशिष्ट वेगाच्या पुढे, खोबणी नसलेल्या चाकाखालचे पाणी बाजूला सरत नाही. ते चाकालाच उचलून धरते, आणि चाक जमीन सोडून पाण्यावर चालू लागते. विमान धावपट्टी ओलांडून नालीत गेले, पुढचा पाय मोडला, पंख बाभळीत अडकला. जिनलचा हात दोन ठिकाणी मोडला. तिला बाहेर काढताना पंडितने पाहिले की ओल्या डांबरावर रबराची काळी रेघ उमटलेलीच नव्हती.

चौकशीत त्याने हेच सांगायचा प्रयत्न केला. त्याचे एक वाक्य असे होते: “साहेब, ब्रेक चाकाला धरतो, चाक जमिनीला धरते. मधे पाणी आले तर एकट्या ब्रेकने कोणाला धरायचे?” ते लिहून घेतले गेले की नाही, हे त्याला कळले नाही. त्याच्यानंतर प्रेमराजला बोलावले. दार उघडेच होते. प्रेमराज खाली पाहत म्हणाला, “चाकं पंडित बघतो. त्याने मला अंगठा दाखवला, म्हणून मी पुढे दाखवला.”

ब्रेकच्या देखभालीत हलगर्जी झाली, असा निष्कर्ष निघाला आणि पंडितची नोकरी गेली. त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी प्रेमराज पारावर म्हणाला, “मोटारसायकलवर मांगे बसाडाले बी भीती वाटस, ब्रेकफेल शे तो.” हसे झाले आणि नाव चिकटले. पुढे पंडित रस्त्याने निघाला की एखादा हमखास ओरडे, “ब्रेकफेल वना रे, बाजूले व्हा!” त्याची बायको सारिका पाण्याला गेली की बायका हंडा सरकवून म्हणत, “हिले पुढे जाऊ द्या माय, हिनं थांबनं आपला हातमा नही.”

नोकरी गेल्याचे दुःख पंडितला फार दिवस झाले नाही. त्याच्या मनात रुतून बसला तो अंगठा. आपण कधी न दाखवलेला एक अंगठा आपल्या नावावर लागला आहे आणि तो आपल्या हाताला फुटलेल्या सहाव्या बोटासारखा सगळ्यांना दिसतो आहे, असे त्याला वाटे. त्याने अर्ज केले. उत्तरे आली नाहीत. प्रेमराजच्या मुलीच्या लग्नाला तो गेला नाही. कोणाच्या लक्षातही आले नाही. एकदा साक्रीच्या बाजारात प्रेमराजची मोटारसायकल एकटी उभी दिसली, तेव्हा त्याने दोन्ही चाकांची हवा सोडली. चार पावले गेला आणि थांबला. रिकाम्या टायरवर गाडी ढकलत नेली तर टायरची कड चिरते, हे त्याच्याने पाहवेना. शेजारच्या दुकानातून पंप मागून त्याने हवा परत भरली, आणि ती नेहमीप्रमाणे बरोबर भरली. त्या दिवशी त्याला स्वतःचा जितका राग आला, तितका प्रेमराजचाही कधी आला नव्हता.

मोडलेले विमान काही काळाने भंगारात निघाले. धुळ्यातल्या महावीरशेठच्या वखारीत त्याचे तुकडे आल्याचे कळताच पंडित तिथे गेला. पत्र्यांच्या ढिगाखालून त्याने ब्रेक शोधून काढला: चाकाबरोबर फिरणारी पोलादी थाळी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा जबडा, आणि पायाने दाबायची पट्टी. जबड्याच्या आतल्या अस्तरावर त्याने नख फिरवले. अस्तर निम्म्याहून जास्त शिल्लक होते. तो तिथेच खाली बसला.

“काय रे, लागलं का?” महावीरशेठ गादीवरून म्हणाले.

“नही शेठ. साबूत शे.”

शेठना काय कळले कोणास ठाऊक, ते म्हणाले, “घेऊन जा मग.”

हा ब्रेक पंडितने स्वतःच्या गाडीच्या आसाला बसवला. त्यासाठी धुळ्याच्या लेथवाल्याकडे त्याने पुष्कळ खेपा घातल्या. साक्रीच्या डोंगरकडेच्या पाड्यांतून लाकूड-चारा भरून उतरताना गाडी बैलांच्या अंगावर येते. पंडितची गाडी येईनाशी झाली. पट्टी फळीखाली होती, ब्रेकच्या तेलाची नळी आसाला चिकटून गेलेली होती. गावात कोणी वाकून पाहिले नाही. ब्रेकफेलच्या गाडीला ब्रेक असेल, ही कल्पनाच कोणाला सुचण्यासारखी नव्हती.

बोरदिगरला अखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरच्या, यात्रेत बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागे एक साखळ्यांनी जोडतात, त्यांवर माणसे दाटीवाटीने बसतात आणि देवीचा भगत कमरेला दोर बांधून त्या ओढतो. साखळ्या मुद्दाम सैल ठेवलेल्या असतात. त्यामुळे पहिल्या हिसक्याला पहिली गाडी एकटीच हालते, तिच्या ओढीने दुसरी, दुसरीच्या ओढीने तिसरी, आणि चाके फिरू लागली की मग मागून गाव हात लावते. पहिला हिसका मात्र भगताचा एकट्याचा. तोवर गाडीला कोणी शिवायचे नाही. गाड्या हालल्या नाहीत तर त्याचा अर्थही ठरलेला आहे: भगताच्या मनात खोट आहे. आपल्या काकामागून प्रेमराज भगत झाला होता आणि त्याच्या हातून गाड्या कधी अडल्या नव्हत्या. चौकशीनंतरच्या पहिल्या यात्रेत तर त्या इतक्या सहज हालल्या की गर्दीत उभ्या असलेल्या पंडितने देवीकडे पाठ फिरवली. तिच्यावरही त्याचा राग होता.

गेल्या यात्रेत गाड्यांचा क्रम लावताना यात्रेचे मानकरी तोताराम आबा काठी टेकत उभे होते. पंडितने आपली गाडी नेहमीप्रमाणे मागच्या टोकाला लावली होती. अंगाला हळद लावलेला, कपाळभर भंडारा फासलेला प्रेमराज ओरडला, “आबा, ब्रेकफेलनी गाडी पहिली लावा! तिले ब्रेकच नही, पट्कन पळी!”

गर्दी हसली. आबाही हसले. “लाव रे पंडित. भगतना सबद शे.”

पंडितने गाडी पुढे आणली. तोपर्यंत त्याच्या मनात काही ठरलेले नव्हते. पण धुरेवर बसून त्याने पाय फळीखाली सरकवला आणि पट्टी तळव्याला लागली, तेव्हा इतकी वर्षे आपण कोणत्या दिवसाची वाट पाहत होतो, हे त्याला कळले. मागे चार बायकांसह सारिका बसली होती. तिने नवऱ्याचा पाय पाहिला.

प्रेमराजने गाड्यांना फेऱ्या घातल्या, दोर बांधला, दोन्ही बगलांना माणसे उभी राहिली. देवीचा जयजयकार झाला आणि त्याने हिसका दिला. दोर ताठ झाला. गाडी हालली नाही. त्याने पाय रोवून पुन्हा ओढले. हलग्या वाजत होत्या त्या हळूहळू एकेक करून थांबल्या.

“भगतना मनमा काही तरी काळं शे,” कोणी तरी म्हणाले, आणि ते वाक्य बाराव्या गाडीपर्यंत गेले.

आबा पुढे आले. “सांगी टाक रे प्रेमराज. देवीपुढे लपाडू नको.”

प्रेमराज घामाने निथळत होता. हळदीचे ओघळ पोटावर आले होते. तो म्हणाला, “उपासना दिनमा मी हायवेना धाबावर आम्लेट खादं.”

“येक का दोन?” मागून कोणी तरी विचारले. हशा झाला. आबांनी भंडारा उधळला, माफी मागितली गेली, हलग्या वाजल्या. पंडितने पाय काढला नाही. दोर ताठ झाला आणि तसाच राहिला.

आता हसणे कमी झाले. “आजून शे,” आबा म्हणाले.

“देवीले वाहेल लुगडं,” प्रेमराज थांबत थांबत म्हणाला, “मी मनी मेव्हनीले दिधं.”

गर्दीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “कोनती? धाकली ना? माले वाटेलच व्हतं!” या वेळी लोक हसले ते तोंडावर हात ठेवून. पुन्हा भंडारा, पुन्हा हिसका. बगलेतला एक माणूस घसरून पडला. गाडी जागची हालली नाही.

प्रेमराज वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. या माणसाची अर्धी हयात चाके आणि ब्रेक यांच्यात गेली होती. दगडात अडलेले चाक दोराला लगेच ठोकर देते; ब्रेकने धरलेले चाक आधी किंचित देते, मग धरते. हा फरक त्याच्या कमरेला पहिल्याच हिसक्याला कळला असेल का? कळला असला तरी तो म्हणणार काय होता? गाडी अडलेला प्रत्येक भगत कोणी तरी चाक धरले असेच म्हणत आला आहे, आणि त्यावर गाव कधी विश्वास ठेवत नाही. शिवाय या गाडीला ब्रेकच नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगून ठेवले होते.

तो वळला. देवीकडे नव्हे, पहिल्या गाडीकडे.

“पंडितनी माले सांगेल व्हतं,” तो मोठ्याने म्हणाला. “टायर घसाई गयात, इमान सोडू नको, आसं तेनी माले सांगेल व्हतं. तेनी आंगठा दखाडाच नही. मी दखाडा. चौकशीमा मी खोटं बोलनू.”

कोणी हसले नाही. आबांची काठी हातातून निसटली, ती कोणी उचललीही नाही. सारिका पदर तोंडाशी धरून रडत होती. मागून तिने नवऱ्याच्या पाठीला हात लावला. “सोडा आते,” ती कुजबुजली. “जे पाहिजे व्हतं ते बठ्ठं भेटनं.”

आणि प्रेमराजने मिटलेली मूठ डोक्यावर उचलली आणि पंजा उघडला.

गावाला वाटले, भगताने देवीपुढे हात टेकले. त्या खुणेचा अर्थ कळणारा तिथे एकच माणूस होता. ब्रेक सोड. प्रेमराज पंजा तसाच धरून, हालचाल न करता, नियमाप्रमाणे उत्तराची वाट पाहत होता.

पंडितने त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि अंगठा दाखवला.

प्रेमराजने मान हालवली, वळला आणि सुटलेले चाक ओढायला लागते तेवढ्याच बेताने, विश्वासाने, अंग पुढे टाकले. पंडितचा पाय पट्टीवर होता तिथेच होता. ताठ झालेल्या दोराने प्रेमराजला कमरेतून मागे खेचले आणि तो पालथा, तोंडावर, भंडाऱ्याच्या धुळीत आपटला. चौकशीत त्याने पंडितच्या नावावर जो खोटा अंगठा लावला होता, तो पंडितने त्या दिवशी खरा करून दाखवला.

त्या अंगठ्याचा गावाने आपला अर्थ लावला आणि तोही चुकीचा नव्हता. “माफी नही म्हनस पंडित,” कोणी तरी म्हणाले, “आंगठा दखाडा तेनी.” कबुली देऊनही गाड्या हालल्या नाहीत, म्हणजे या माणसाच्या पोटात अजून बरेच आहे, यावर एकमत झाले. तोताराम आबांनी प्रेमराजच्या कमरेचा दोर सोडला आणि त्याच्या चुलतभावाच्या, ज्ञानेश्वरच्या कमरेला बांधला. ज्ञानेश्वर गवंडीकाम करणारा, अंगाने बारीक. त्याने डोळे मिटून पहिला हिसका दिला आणि पहिली गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पंडितचा पाय फळीवर आलेला होता. प्रेमराज रस्त्याच्या कडेला बसून, ओठावरचे रक्त पुसत, आपल्या शेजारून जाणारी बाराही गाड्यांची चाके पाहत होता.

त्यानंतर प्रेमराज भगत राहिला नाही. संस्थेतले कामही त्याने सोडले; सोडायला लागले असेही म्हणतात. त्याच्या आम्लेटच्या आणि मेव्हणीच्या गोष्टी पारावर अजून निघतात. गंमत अशी की विमानाची गोष्ट त्यामानाने कमी निघते, आणि पंडितला ब्रेकफेल म्हणणे कोणी थांबवलेले नाही. आता त्यात कुचेष्टा नाही, नुसती सवय आहे. त्याची बाजू खरी होती हे सगळे मानतात; त्याचा ब्रेक खरा होता हे मात्र तो कोणाला सांगू शकत नाही. सांगितले तर गाड्या देवीने अडवलेल्या राहत नाहीत, आणि मग ती कबुलीही देवीपुढची राहत नाही. सारिकाला सगळे ठाऊक आहे. यात्रेनंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतेच बोलली. एकदा तिने एवढेच विचारले, “तो बोलना, तवय सोडता नही वना का?” पंडित बैलांना वैरण टाकायला उठला.

थंडीत साक्रीच्या बाजारात दोघे समोरासमोर आले. पंडित जनावरांच्या पेंडीची पोती गाडीवर चढवत होता. प्रेमराज पलीकडून आला, वाकला, आणि बोरदिगरमध्ये कोणी कधी केले नव्हते ते त्याने केले: फळीखाली पाहिले. थाळी, जबडा, नळी. जबड्यावर ठोकलेला क्रमांक त्याच्या ओळखीचा असावा. त्याने त्यावरून बोट फिरवले. मग सरळ होत म्हणाला,

“ब्रेक भारी धरस रे तुना.”

“हाईच चौकशीमा सांगनं व्हतं,” पंडित म्हणाला.

प्रेमराजने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि गर्दीत निघून गेला.

परतताना घाटाच्या उतारावर पंडितने पट्टी दाबली. गाडी बैलांच्या मागे आज्ञेत उतरली. उतार संपला, सपाट रस्ता लागला, तरी तो समोर पाहत तसाच बसला होता. बैलांच्या माना जुवाखाली वाकल्या, नाकपुड्या फुलल्या. मागे पोत्यांवर बसलेल्या सारिकाने थोडा वेळ वाट पाहिली.

“पाय काढा आते,” ती म्हणाली. “बैल वढी राहिनात ना.”